बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर डोसचे गणितही लिहा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतची मुले हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी नागपुरात येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत सापडलेली काही मुले मुंबईला किंवा रायपूरला जाऊन शस्त्रक्रिया करून परततात. शस्त्रक्रिया यशस्वी झाली की बातमी येते आणि आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो. पण पुढचे दोन-तीन महिने त्या बाळाला रोज तीन ते पाच औषधे, दिवसातून दोन-तीन वेळा, एमएलच्या दहाव्या भागापर्यंत मोजून द्यायची असतात. हे काम आई करते, आजी करते, कधी शेजारची शिकलेली मुलगी करते. चूक इथेच होते, आणि ती टाळायला एकही महागडे यंत्र लागत नाही. म्हणून हे पत्र.

मोठ्या माणसाचा डोस बहुधा ठरलेला असतो : सकाळी एक गोळी, रात्री एक. लहान मुलाचा डोस म्हणजे त्याच्या वजनावर केलेला गुणाकार, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तो गुणाकारही पुरत नाही. चार किलोच्या बाळाच्या अंगात सुमारे ३२० ते ३४० एमएल रक्त असते. शस्त्रक्रियेच्या वेळी ते ज्या हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवले जाते, त्याच्या नळ्या भरायला अनेकदा जवळपास तेवढाच द्रव लागतो. रक्त पातळ होते, त्यातल्या औषधांचे प्रमाण घटते. फेंटानिल या वेदनाशामकासारखी काही औषधे नळ्यांच्या प्लास्टिकलाच चिकटून राहतात. शरीर थंड केलेले असेल तर यकृताचे काम मंदावते. शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ ते १८ तासांत हृदयाची ताकद सर्वांत खालच्या पातळीवर येते. मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते आणि लघवीवाटे बाहेर पडणारी औषधे अंगात साचू लागतात. हृदयाला बळ देणारे मिलरिनोन बहुतांश लघवीतूनच बाहेर पडते, त्यामुळे लघवी कमी झाली की त्याचा वेग कमी करावा लागतो. मॉर्फिन तर हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तान्ह्या बाळाच्या शरीरातून इतर शस्त्रक्रियांच्या तुलनेतही हळू बाहेर पडते. त्यात क्रिएटिनीन हा मूत्रपिंडाचा रिपोर्ट एक-दोन दिवस उशिरा वाढतो, म्हणजे रिपोर्ट ‘नॉर्मल’ असतानाच मूत्रपिंड थकलेले असू शकते. बाळाला सूज असते, वजन अर्ध्या किलोने जास्त भरते. ते पाण्याचे वजन असते, म्हणून त्या दिवसांत डोस शस्त्रक्रियेपूर्वीच्या वजनावरच काढायचा असतो.

आयसीयूत या सगळ्यासाठी व्यवस्था असते. वजनाच्या तिप्पट मिलिग्रॅम औषध ५० एमएलमध्ये भरले की पंपावर ताशी १ एमएल म्हणजे दर किलोला दर मिनिटाला १ मायक्रोग्रॅम, हे सूत्र तिथल्या परिचारिकेला तोंडपाठ असते. शिवाय दुसरी परिचारिका ते तपासून सही करते. डिस्चार्जच्या दिवशी ही शिस्त दारातच थांबते. हातात येते ते एक कार्ड, त्यावर औषधाचे नाव, पुढे ‘१ एमएल, दिवसातून दोनदा’. कशाचा १ एमएल? त्यात औषध किती? बाळाचे वजन किती धरले? बहुतेक कार्डांवर हे नसते.

फ्युरोसेमाइडच घ्या. अंगातले जास्तीचे पाणी लघवीवाटे काढणारे हे औषध हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक तान्ह्या बाळांना मिळते. दर किलोला १ एमजी धरले तर चार किलोच्या बाळाला एका वेळी ४ एमजी. गोळी मिळते ४० एमजीची, म्हणजे द्यायचा आहे गोळीचा दहावा भाग. ब्लेडने गोळीचे चार तुकडेसुद्धा सारखे पडत नाहीत, दहा तर सोडाच. म्हणून सांगितले जाते : गोळी १० एमएल पाण्यात टाका, त्यातले १ एमएल पाजा, उरलेले टाकून द्या. हिशोब बरोबर आहे, पण ही गोळी पाण्यात साखरेसारखी विरघळत नाही, नुसती फुटते. औषधाचे कण तळाशी बसतात. वरचे पाणी ओढले तर बाळाला जवळपास काहीच मिळत नाही. तळाचे ओढले तर ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त जाते. म्हणून गोळी आधी दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक करावी, दहा एमएल पाणी सिरिंजनेच मोजून घालावे, ढवळावे आणि ढवळणे थांबताक्षणी वाटीच्या मधल्या उंचीवरून ओढावे. दोन मिनिटे ठेवून नाही, लगेच. सकाळचे पाणी संध्याकाळसाठी ठेवू नये.

आता यातला खरा धोका. याच औषधाचे तयार पातळ औषधही मिळते, त्याच्या एका एमएलमध्ये १० एमजी असतात. चार एमजीसाठी त्यातले फक्त ०.४ एमएल लागते. महिन्याने गोळ्या संपतात, वडील औषधाच्या दुकानात जातात, दुकानदार मदत करावी म्हणूनच ‘लहान मुलांसाठी पातळ येते, तेच घ्या’ असे सांगतो. आई नेहमीच्या सवयीने १ एमएल ओढते. बाळाला अडीचपट औषध गेले, आणि यात कुणीही निष्काळजी नव्हते. कार्डावर एमएल होते, एमजी नव्हते, एवढेच. एमएल हे बाटलीसोबत बदलते, एमजी बदलत नाही. फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारेच दुसरे औषध) एकत्र असलेल्या गोळ्याही मिळतात आणि त्यांच्या नावांत साम्य असते. साध्या गोळीच्या जागी ती गेली तर मूळ औषध निम्मे पोचते आणि न लिहिलेले दुसरे औषध भरपूर पोचते.

पुड्या बांधून देण्याची जुनी रीत आम्हाला आजही चांगली वाटते, पण ती वजनकाट्यावर झाली तरच. गोळ्यांची पूड करून, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नीट घोटून, प्रत्येक पुडी तोलून बांधावी. कागदावर डोळ्यांच्या अंदाजाने दहा ढीग केले तर एका पुडीत निम्मा डोस जातो आणि दुसऱ्या पुडीत दीडपट. शिवाय प्रत्येक औषधाची पुडी वेगळी हवी. दोन औषधे एकाच पुडीत मिसळली की पुढे एकाचाच डोस बदलायचा म्हटले तर सगळ्याच पुड्या टाकाव्या लागतात. आणि हेच गणित सगळ्या औषधांना लागू होते असे समजू नये. रक्तदाब कमी करणारे कॅप्टोप्रिल पाण्यात लवकर खराब होते, ते दर वेळी ताजेच करावे लागते.

डिगॉक्सिन या हृदयाला बळ देणाऱ्या औषधाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण याचा योग्य डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडे असते. तान्ह्या बाळाला दिवसाला दर किलोमागे साधारण १० मायक्रोग्रॅम धरले तर चार किलोच्या बाळाला दिवसाचे ४०, म्हणजे सकाळी २० आणि संध्याकाळी २०. लहान मुलांच्या पातळ औषधात एका एमएलला ५० मायक्रोग्रॅम असतात. डोस होतो ०.४ एमएल. हे पातळ औषध दुकानात मिळाले नाही की गोळीवर यावे लागते. गोळी ०.२५ एमजीची, म्हणजे २५० मायक्रोग्रॅमची. तिचा पाव तुकडासुद्धा ६२.५ मायक्रोग्रॅम होतो, बाळाच्या डोसच्या तिपटीहून जास्त. ‘पाव गोळी म्हणजे थोडीच’ हा समज इथे जिवावर बेतू शकतो. आणि दशांशचिन्ह पुसले गेले, कागदाच्या घडीत गेले, किंवा ‘.४’ असे लिहून पुढचे शून्य गाळले, तर ०.४ चे ४ एमएल होतात, डोस दहापट. म्हणून नियम असा पाळावा : एकापेक्षा कमी आकड्याआधी शून्य लिहायचेच, आणि पूर्ण आकड्यानंतर ‘.०’ कधीही लिहायचे नाही, कारण घाईत ५.० चे ५० वाचले जातात. मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहावा. त्याच्या संक्षेपातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर एमजी होतो आणि फरक पडतो हजारपट. पाकिटावर पेनने लिहिताना घाईतले १ आणि ९ सारखे दिसतात, हेही लक्षात ठेवावे. अंकासोबत अक्षरी लिहायला दोन सेकंद लागतात.

डिगॉक्सिन जास्त झाल्याची लक्षणे ओळखणे अवघड, कारण ती कुठल्याही आजारी बाळासारखीच असतात : दूध न ओढणे, उलट्या, मरगळ. छातीला कान लावून किंवा स्टेथोस्कोपने पूर्ण एक मिनिट ठोके मोजणे हा घरी करता येण्याजोगा खरा उपाय. बाळ शांत असताना मोजावेत. तान्ह्या बाळात ठोके ९०-१०० च्या खाली किंवा मोठ्या मुलात ७० च्या खाली असतील तर डोस न देता फोन करावा. प्रत्येक मुलाची नेमकी मर्यादा डॉक्टरांनी कार्डावर लिहून द्यावी. औषध पाजल्यावर बाळाने उलटी केली तर डिगॉक्सिन पुन्हा पाजू नये. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. रक्तातली पातळी तपासायची असेल तर रक्त शेवटच्या डोसनंतर किमान सहा-आठ तासांनी काढावे; आधी काढलेल्या रक्तात पातळी खोटी जास्त दिसते आणि चांगला चाललेला डोस उगाच कमी केला जातो.

शिवाय दुसरी औषधे यात हात घालतात. शस्त्रक्रियेनंतर ठोक्यांची लय बिघडली म्हणून अमिओडॅरोन सुरू केले तर डिगॉक्सिनचा डोस साधारण निम्म्यावर आणावा लागतो. अमिओडॅरोन बंद केल्यावरही त्याचा परिणाम कित्येक आठवडे शरीरात राहतो. गावातल्या दवाखान्यात खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक दिली गेली तर रक्तातले डिगॉक्सिन वाढते. फ्युरोसेमाइडमुळे पोटॅशियम घटले तर डिगॉक्सिनची पातळी तीच असूनही विषारी परिणाम दिसू लागतो.

पोटॅशियमचीही वेगळी अडचण आहे. फ्युरोसेमाइड एकटे असेल तर सोबत पोटॅशियम क्लोराइडचे पातळ औषध दिले जाते. सहसा मिळणाऱ्या बाटलीत १५ एमएलला २० मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजण्याचे एकक) असतात. ते कडवट आणि झोंबणारे असल्याने दुधात किंवा पाण्यात पातळ करूनच पाजावे. पुढच्या भेटीत स्पायरोनोलॅक्टोन किंवा हृदयावरचा भार हलका करणारे एनालॅप्रिल जोडले जाते. ही दोन्ही औषधे पोटॅशियम अंगात राखून ठेवतात. म्हणजे आता पातळ पोटॅशियम थांबवायचे किंवा कमी करायचे असते. पण नव्या चिठ्ठीवर फक्त नवे औषध लिहिले जाते, जुने ‘बंद’ असे कुणी लिहीत नाही, आणि घरी तिन्ही चालू राहतात. रक्तात पोटॅशियम फार वाढले तर हृदय थांबू शकते. म्हणून प्रत्येक भेटीत संपूर्ण यादी नव्याने लिहावी आणि बंद केलेल्या औषधापुढे ‘बंद’ असे ठळक लिहावे, जुन्या चिठ्ठीवर रेघ मारावी.

मोजायचे कशाने, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, तो तसा नाही. घरातल्या चमच्यात कधी अडीच एमएल मावते, कधी सात. बाटलीच्या टोपणावरच्या खुणा अडीच किंवा पाच एमएलच्या असतात; ०.४ एमएल त्यात मोजताच येत नाही. तिथे एक एमएलची, दशांशाच्या खुणा असलेली सिरिंजच हवी, सुई काढून. मात्र दुकानात ‘एक एमएलची सिरिंज द्या’ म्हटले की बऱ्याचदा इन्सुलिनची सिरिंज हातात येते. तिच्यावरच्या खुणा एमएलच्या नसतात, युनिटच्या असतात. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या ४० युनिटच्या सिरिंजमध्ये ४० ची खूण म्हणजे १ एमएल. ०.४ एमएल म्हणजे तिच्यावरचे १६ युनिट. कुणी ‘पॉइंट चार’ म्हणजे चारची खूण समजले तर बाळाला पाव डोसच मिळतो. डिस्चार्जच्या वेळी वॉर्डातून योग्य सिरिंजा द्याव्यात, ज्या रेघेपर्यंत ओढायचे तिथे रंगीत चिकटपट्टी लावावी, प्रत्येक औषधाचा रंग वेगळा ठेवावा. आणि घरी जाण्याआधी निदान दोन वेळचे डोस आईने स्वतः, परिचारिकेच्या डोळ्यांसमोर ओढून दाखवावेत. ‘समजलं ना?’ असे विचारले की सगळेच हो म्हणतात. हातात सिरिंज दिली की खरे कळते.

सिल्डेनाफिलबद्दल एक गोष्ट उघडपणे सांगायला हवी. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब कमी करण्यासाठी हे औषध लहान मुलांना दिले जाते, दर किलोला साधारण अर्धा ते एक एमजी, दिवसातून तीन-चार वेळा. हेच औषध पुरुषांच्या लैंगिक तक्रारींसाठी वापरले जाते, त्यामुळे दुकानात बापाकडे विचित्र नजरेने पाहिले जाते, नातेवाईक मोबाइलवर शोधून ‘हे कसले औषध दिले पोराला’ म्हणतात, आणि औषध बंद होते. ते अचानक बंद केले तर फुप्फुसांतला दाब उसळून वर येतो आणि बाळ निळे पडू शकते. डॉक्टरांनी कार्डावर ‘फुप्फुसाचा दाब कमी करण्यासाठी’ एवढे मराठीत लिहिले तरी हा प्रकार बऱ्याच अंशी थांबेल.

हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांना जोडणारी कृत्रिम नळी, म्हणजे शंट, बसवलेल्या मुलांना रक्त गोठू नये म्हणून ॲस्पिरिन असते, दिवसाला दर किलोमागे ३ ते ५ एमजी. पोटात उशिरा फुटावी म्हणून वेष्टन दिलेल्या गोळीचे तुकडे करायचे नसतात. पाण्यात फुटणारी साधी गोळी मागून घ्यावी. याच मुलांना आयब्युप्रोफेन देऊ नये; ते ॲस्पिरिनचा परिणाम घालवते, आणि फ्युरोसेमाइड-एनालॅप्रिल चालू असलेल्या कुठल्याही मुलात मूत्रपिंडाला इजा करू शकते. घरात कुणाला कांजिण्या किंवा फ्लू झाला तर ॲस्पिरिन चालू असलेल्या मुलाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे, कारण या आजारांत ॲस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. कृत्रिम झडप बसवलेल्या मुलांच्या असिनोकूमारॉल किंवा वॉरफरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधांचा विषय मोठा आहे. इथे इतकेच की कुठलेही नवे अँटिबायोटिक सुरू झाले की काही दिवसांतच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा रिपोर्ट) तपासावा, आणि पालक-मेथी बंद न करता दर आठवड्याला साधारण सारख्या प्रमाणात द्यावी.

तापाच्या औषधातही तीच एमएलची गफलत होते. पॅरासिटामॉल दर किलोला १५ एमजी धरले तर चार किलोच्या बाळाला ६० एमजी. थेंबांच्या बाटलीत एका एमएलला १०० एमजी असतात, म्हणजे ०.६ एमएल. पाच एमएलला १२० एमजी असलेल्या सिरपचे अडीच एमएल. पाच एमएलला २५० एमजी असलेल्या सिरपचे १.२ एमएल. सिरपचा अडीच एमएलचा डोस पाठ असलेल्या घरात थेंबांची बाटली आली की बाळाला २५० एमजी जातात, चौपटीहून जास्त. २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा हे औषध देऊ नये. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांतला ताप नुसता औषधाने दाबू नये. जखमेचा संसर्ग, हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग किंवा हृदयाभोवती पाणी जमणे यांची ती पहिली खूण असू शकते. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय कुणी अँटिबायोटिक सुरू करू नये.

खोकल्याच्या सिरपचे काय होऊ शकते हे नागपूरकरांना नव्याने सांगायला नको. २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुले दूषित सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन याच शहरातल्या रुग्णालयांत आली. तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळले. त्यानंतर केंद्र सरकारने, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा वापरू नयेत, असे पुन्हा बजावले. हृदयाच्या मुलांना शुद्ध सिरपही घातक ठरू शकते, कारण अनेक सिरपांत असलेले, नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब वाढवते. खोकला हे इथे बऱ्याचदा फुप्फुसात पाणी साचल्याचे लक्षण असते. त्याला सिरप नव्हे, तपासणी लागते.

विदर्भाचा उन्हाळा हा स्वतंत्र धोका आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बाळाचा घाम वाढतो, त्यात जुलाब-उलट्या लागल्या आणि फ्युरोसेमाइड-एनालॅप्रिल ठरल्याप्रमाणे चालूच राहिले तर एक-दोन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. शंट असलेल्या बाळात रक्त घट्ट होऊन नळीच बंद होऊ शकते. टाळू खोल गेली, सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, बाळ सुस्त पडले, तर पुढचा डोस देण्याआधी फोन करावा. शंट असेल तर फोनची वाट न पाहता १०८ बोलवावी. नारळपाणी घरोघरी दिले जाते, त्यात पोटॅशियम भरपूर असते, हे स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालॅप्रिल चालू असलेल्यांनी विसरू नये. औषधे कूलरच्या खोलीत खिडकीशी ठेवू नयेत. दमट हवेत ॲस्पिरिन बिघडते, डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. फ्युरोसेमाइडची गोळी उजेडाने पिवळी पडते. अशा गोळ्या टाकून द्याव्यात.

वजनाचा मुद्दा राहिला, आणि तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. शस्त्रक्रियेने हृदयातले छिद्र बंद झाले की आधी न वाढणारे बाळ झपाट्याने वाढू लागते, दिवसाला २५-३० ग्रॅम. सहा आठवड्यांत चार किलोचे पाच किलो होतात. डोस तोच राहिला तर दर किलोचे प्रमाण एक पंचमांशाने घटलेले असते. काही औषधांत डॉक्टर मुद्दाम असे घडू देतात. तसे असेल तर कार्डावर ‘वजन वाढले तरी डोस वाढवू नये’ असे लिहावे, नाहीतर पुढच्या डॉक्टरला कळणार कसे? उलट दोन दिवसांत २०० ग्रॅमहून जास्त वाढ म्हणजे बाळसे नव्हे, पाणी. ते ओळखायला आठवड्यातून दोनदा, सकाळी दूध पाजण्याआधी, कपडे काढून, एकाच काट्यावर वजन घ्यावे. अंगणवाडीतला तान्ह्या मुलांचा डिजिटल काटा यासाठी चालतो. १०० ग्रॅमच्या खुणा असलेल्या टांगत्या काट्यावर हा फरक नीट दिसत नाही.

आमची मागणी शहरातल्या सरकारी आणि खासगी अशा सगळ्या रुग्णालयांकडे आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर प्रत्येक औषधापुढे एका ओळीत एवढे असावे : त्या दिवशीचे वजन, दर किलोला किती एमजी, एका वेळी किती एमजी, बाटलीत किंवा करून दिलेल्या पाण्यात एका एमएलला किती एमजी, म्हणून किती एमएल, दिवसातून किती वेळा, आणि कशासाठी. शेवटचा शब्द मराठीत. सीमेपलीकडच्या मुलांसाठी हिंदीत. हे लिहिले की गावातला डॉक्टर, दुकानातला फार्मासिस्ट आणि आशाताई, तिघेही चूक पकडू शकतात. आज त्यांच्याकडे पकडण्याजोगे काहीच नसते.

दुकानदारांनाही विनंती आहे. औषध देताना रुग्णाला समजावून सांगणे हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमावलीनुसार नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्यच आहे. लहान मुलाच्या हृदयाच्या चिठ्ठीवर कंपनी, ताकद किंवा प्रकार बदलावा लागत असेल तर आधी रुग्णालयाला फोन करावा आणि नवा एमएल डोस बाटलीवर लिहून द्यावा.

शासनाकडे मागणी अशी की डिगॉक्सिन, फ्युरोसेमाइड यांची लहान मुलांसाठीची पातळ औषधे जिल्हा रुग्णालयांत नियमित ठेवावीत. जी औषधे बाजारात पातळ स्वरूपात मिळतच नाहीत, त्यांच्या तोललेल्या पुड्या करण्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा औषध विभाग आणि नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन एक छोटी खोली उभारावी. अचूक काटा, लॅक्टोज, लेबल आणि दोन प्रशिक्षित माणसे एवढ्यात ती चालू शकते. औषधाने अपाय झाल्याचा संशय आला तर भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर पालकही स्वतः कळवू शकतात. हा क्रमांक आणि वॉर्डाचा, रात्री उचलला जाणारा फोन नंबर, दोन्ही कार्डाच्या पहिल्याच पानावर छापावेत.

आपले,
बालहृदयरुग्णांच्या औषधोपचारात काम करणारे फार्मासिस्ट व परिचारिका,
नागपूर